तीन महिन्यांचा कोर्स

औषधांच्या दुकानात हल्ली पुरुषांचे शुक्राणू वाढवण्याचा दावा करणारा एक काळा-सोनेरी पुडा दिसतो. वर घोडा, नाहीतर सिंह. आत कोएन्झाइम क्यू-टेन, एल-कार्निटीन, झिंक, सेलेनियम, लायकोपीन आणि हटकून अश्वगंधा. गिऱ्हाईक गर्दी ओसरेपर्यंत टूथपेस्ट न्याहाळत उभं राहतं, मग हळूच बोट दाखवतं. कायद्याच्या लेखी या पुड्यांतले बरेचसे औषध नव्हेतच, अन्नपदार्थ आहेत. 'औषधी वापरासाठी नाही' असं बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. ते वाचतो कोण!

'तीन महिने घ्या,' हे मात्र हवेतलं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही. त्यामुळे आज सुरू केलेल्या गोळीचा काय, किंवा आज सोडलेल्या तंबाखूचा काय, परिणाम दिसायला तेवढे दिवस जाणारच. दोन्ही एकदमच केलं, की श्रेय गोळी घेऊन जाते.

२०२० साली अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २,३७० जोडपी. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक. बाकीच्यांना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली गोळी. खऱ्या गोळीवाल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या घरी मूल आलं, खोट्या गोळीवाल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या. वर खऱ्या गोळीवाल्यांची पोटं जास्त बिघडली आणि शुक्राणूंमधला डीएनए तुटण्याचं प्रमाणही किंचित वाढलं. कार्निटीन, क्यू-टेनच्या बाजूने काही अभ्यास आहेत, पण बहुतेक लहान.

तरी माझं भांडण गोळीशी नाही. ती घेतली की तपासणी टळते, याच्याशी आहे. सुनेची सोनोग्राफी होते, रक्त तपासून होतं, गर्भनलिकांचा एक्स-रेसुद्धा होतो. आणि 'आमच्या मुलात काय असणार?' म्हणत मुलाला पुडा आणून दिला जातो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. वीर्यतपासणी ही या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी. वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांना व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, असतात. बऱ्याचदा डॉक्टरांच्या हाताला त्या लागतात. कॅप्सूलला लागत नाहीत.

आणि जिम. दंड फुगावेत म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना वाटतं, पौरुष वाढलं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणूंची संख्या कधीकधी शून्यावर येते. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण त्यात काही महिने जातात, एखाद्याचं वर्षही. बायको पस्तिशीच्या पुढे असेल, तर तेवढा वेळ हाताशी नसतो, म्हणून डॉक्टर आधी इंजेक्शनांबद्दलच विचारतात.