औषधाने अपाय केला, तर दाद कुठे मागायची?



आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवर भरपूर बोलणे होते. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानेच अपाय झाला तर काय करायचे, हे कोणी चारचौघांत विचारत नाही. खासगीत विचारतात, तेही बहुधा फार उशिरा. ‘जाऊ दे, नशिबात होतं’, ‘परक्या देशात कोर्टकचेरी नको’, ‘व्हिसाला काही झालं तर?’ एवढ्यावर विषय मिटतो. तो असा मिटू नये, म्हणून या वेळचे संपादकीय.

प्रत्येक दुष्परिणाम हा कंपनीचा दोष नसतो. अमेरिकेतला कायदा औषधातले दोष साधारण तीन प्रकारचे मानतो: तयार करताना राहिलेला, मूळ रचनेतला, आणि धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याचा. यातला तिसरा सर्वांत जास्त वेळा कोर्टात जातो. बहुतेक राज्यांत ही सूचना कंपनीने डॉक्टरला द्यायची असते. म्हणून डॉक्टरला काय कळवले होते, आणि पूर्ण माहिती असती तर त्यांनी तेच औषध दिले असते का, यावर निकाल फिरतो. मात्रा डॉक्टरची चुकली असेल, किंवा फार्मसीने भलतीच गोळी दिली असेल, तर दावा त्यांच्यावर होतो. त्याचे नियम आणि मुदती वेगळ्या.

व्हरमाँटच्या संगीतकार डायना लेव्हिन यांना २००० साली अर्धशिशी आणि मळमळीसाठी फेनेर्गनचे इंजेक्शन शिरेतून दिले गेले. औषध धमनीत गेले, गँगरीन झाले आणि हात कापावा लागला. लेबल एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मंजूर केले होते, म्हणून आमच्यावर दावा चालत नाही, असे वायेथ कंपनीचे म्हणणे होते. मार्च २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते फेटाळले. एफडीएची मंजुरी म्हणजे कंपनीला कायमचे अभय नव्हे, लेबलची जबाबदारी शेवटी कंपनीचीच, हे त्या निकालाने ठरले.

पण हा न्याय ब्रँडेड औषधापुरता राहिला. जेनेरिक कंपनीला ब्रँडचेच लेबल जसेच्या तसे वापरावे लागते. त्यामुळे तिला सूचना कमी दिल्याबद्दल राज्याच्या कायद्याखाली जबाबदार धरता येत नाही, असे २०११ मध्ये प्लिव्हा विरुद्ध मेन्सिंग खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले. त्यातल्या महिलांना मेटोक्लोप्रामाइड दीर्घकाळ घेतल्यावर चेहऱ्याच्या आणि शरीराच्या अनैच्छिक हालचालींचा विकार जडला होता. २०१३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या कॅरन बार्टलेट यांचा खटलाही असाच गेला. खांदेदुखीसाठी मिळालेल्या जेनेरिक सुलिंडॅकने त्यांची कातडी सोलवटली, दृष्टी जवळजवळ गेली. ज्यूरीने दिलेली २.१ कोटी डॉलर्सची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

आज अमेरिकेतल्या दर दहापैकी सुमारे नऊ प्रिस्क्रिप्शन्सवर जेनेरिक औषध दिले जाते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नेमकी तीच गोळी असते जिच्यासाठी कायद्याची वाट सर्वांत अरुंद आहे. आणि ब्रँड की जेनेरिक, हे बहुधा आपण ठरवत नाही. फार्मसी आणि विमा कंपनी ठरवतात.

वाट अरुंद असली तरी पूर्ण बंद नाही. ब्रँडचे लेबल बदलल्यावर जेनेरिक कंपनीने आपले बदलले नसेल, तर अनेक न्यायालये तो दावा ऐकतात. औषधात भेसळ किंवा अशुद्धी असेल, तर तो तयार करतानाचा दोष ठरतो. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या वल्सार्टनमध्ये एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य सापडले, गोळ्या परत बोलावल्या गेल्या, आणि देशभरातले दावे न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात एकत्र आले. अशा वेळी प्रत्येकाचा दावा स्वतंत्रच राहतो, फक्त कागदपत्रे मिळवण्यासारखी समाईक कामे एका न्यायाधीशापुढे होतात. मर्कने सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलेल्या व्हायॉक्सचे हजारो दावे असेच एकत्र चालले आणि २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलर्सची तडजोड झाली.

या सगळ्यात सामान्य माणसाच्या हातात काय? पुरावा आणि वेळ.

बाटली आणि उरलेल्या गोळ्या टाकू नका. बाटलीवर उत्पादकाचे नाव असेल तर त्याचा फोटो काढा. नसेल तर फार्मसीकडून उत्पादक, औषधाचा ओळख क्रमांक (एनडीसी) आणि मिळत असेल तर लॉट क्रमांक लिहून घ्या, कारण पुढच्या महिन्यात तीच गोळी दुसऱ्या कंपनीची येऊ शकते. कोणत्या दिवशी काय झाले याची तारीखवार नोंद ठेवा. डॉक्टरांना कळवा आणि एफडीएच्या मेडवॉचकडे तक्रार नोंदवा. ती रुग्णालाही करता येते. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने बंद करू नका.

दावा लावण्याची मुदत न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात साधारण २ वर्षे, न्यूयॉर्कमध्ये ३ वर्षे आहे. अपायाचे कारण उशिरा कळले तर काही राज्यांत मुदत तेव्हापासून मोजतात, पण त्या भरवशावर थांबू नये. वकील बहुधा आधी पैसे घेत नाहीत. भरपाई मिळाली तर तिचा साधारण एक तृतीयांश किंवा अधिक वाटा घेतात. खर्च कोणाचा आणि दावा हरलो तर काय, हे सही करण्याआधी लेखी घ्या. दावा लावण्याचा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना आणि भेटीला आलेल्या आईवडिलांनाही तो आहे.

आईवडील भारतातून औषधांच्या पट्ट्या घेऊन येतात. त्या औषधाने अपाय झाला तर इथल्या न्यायालयात भारतीय कंपनीला खेचणे फार अवघड. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनासाठी उत्पादक आणि विक्रेत्याच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, मुदत २ वर्षे. त्यासाठी दुकानदाराकडून पक्के बिल घ्यायला आणि ते जपून ठेवायला त्यांना आवर्जून सांगा.

तक्रार केल्याने फक्त आपला प्रश्न सुटतो असे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका द्रव औषधात डायएथिलीन ग्लायकॉल वापरल्याने शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यातून १९३८ चा औषध कायदा आला. तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून पोचले आणि १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा गलथानपणा उघड केला. माणसे गेल्यावर कोणीतरी प्रश्न लावून धरला, म्हणूनच तो कायदा आला आणि ती चौकशी झाली.

जेनेरिकच्या बाबतीत तसा प्रश्न आज आपण विचारायला हवा. जेनेरिक कंपन्यांना नवा धोका कळताच आपले लेबल स्वतः बदलू देणारा नियम एफडीएने २०१३ मध्ये मांडला आणि २०१८ मध्ये मागे घेतला. आपल्यात मतदार आहेत, डॉक्टर आहेत, औषध कंपन्यांत काम करणारेही पुष्कळ आहेत. मतदारांनी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला या नियमाबद्दल पत्र लिहावे. कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आपल्यापुढे आलेली प्रत्येक तक्रार गांभीर्याने नोंदवावी. आणि ज्यांना खरोखर अपाय झाला आहे त्यांनी संकोच न करता याच महिन्यात वकिलाला भेटावे. दुखणे सोसावे लागते, अन्याय सोसलाच पाहिजे असे नाही.

आपला,
संपादक