घरप्रपंच : इस्पितळाचे देणे आणि वसुलीचे पत्र

बेळगावकडील एका मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीस असतो. पाच महिन्यांपूर्वी पोटात असह्य कळ येऊन त्यास मध्यरात्री इस्पितळात न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली व जीव वाचला. पुढे त्याने बिऱ्हाड बदलले आणि इस्पितळाची बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली. आता एका वसुली करणाऱ्या पेढीचे पत्र आले आहे. लाजेपायी त्याने ते आठ दिवस दडवून ठेवले व अखेरीस आईस सांगितले. आई विचारतात, "पाटल्या मोडून पैसे पाठवू काय? पोलीस त्याला धरून नेतील काय?"

भगिनी, आपल्या पाटल्या तूर्त पेटीतच राहू द्या. केवळ देणे थकले म्हणून तेथे कोणास तुरुंगात टाकीत नाहीत. उलट तशी धमकी देणाऱ्या वसुलीवाल्याकडूनच कायद्याचा भंग होतो. १९७७ साली झालेल्या कायद्याने या पेढ्यांस लगाम घातला आहे. पहिल्या संपर्कापासून ५ दिवसांच्या आत रक्कम किती व मूळ धनको कोण, हे त्यांस लेखी कळवावे लागते. ते पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, "या रकमेस माझी हरकत आहे, पुराव्यानिशी हिशेब दाखवा," असे ऋणकोने लेखी कळविले, तर पुरावा पाठवीपर्यंत त्यांस वसुली थांबवावी लागते. आपल्या मुलाचे ८ दिवस गेले, २२ उरले. त्याने आजच लेखणी हाती घ्यावी. पत्र पोच मिळेल अशा टपालाने धाडावे व नक्कल जवळ ठेवावी. दूरध्वनीवरील बोलणे पुरेसे नाही.

दुसरे असे की, इस्पितळाकडून कलमवार बिल मागवावे. वाण्याची वही आपण ताडून पाहतो, मग इस्पितळाची का पाहू नये? एकच वस्तू दोनदा लागली असेल, किंवा विमा कंपनीने द्यावयाचा भाग रोग्याच्या माथी आला असेल. विमा कंपनीने पाठविलेला हिशेब शेजारी ठेवून प्रत्येक ओळ पाहावी.

तिसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेतील अनेक इस्पितळे धर्मादाय असून त्यांस करमाफी मिळते. त्याबद्दल गरजूंस साहाय्य करण्याचे लेखी धोरण ठेवणे त्यांस भाग आहे. घरी सोडल्यानंतरचे पहिले बिल निघाल्यापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो, मग देणे वसुलीस गेलेले असो. उत्पन्न व कुटुंबातील माणसे पाहून काही बिल, क्वचित सर्वही, माफ होते. इस्पितळ त्या प्रकारचे असल्यास मुलाची मुदत अजून सरलेली नाही. अर्ज करण्यात कमीपणा कसला?

एवढे करूनही रक्कम खरी ठरली, तर हप्ते बांधून घ्यावेत किंवा तडजोड करावी. मात्र ठरलेली गोष्ट कागदावर आल्यावाचून एक डॉलरही देऊ नये. आणि न्यायालयाचे समन्स आले, तर त्यास मुदतीत उत्तर दिलेच पाहिजे. तेथे हयगय केल्यास निकाल विरुद्ध जातो आणि पगारावर टाच येऊ शकते.

खरे देणे फेडावे, याविषयी आपल्या घरांत दुमत नाही. परंतु आधी हिशेब, मग पैसा, हाच प्रामाणिक माणसाचा क्रम होय. परदेशी लेकरे असलेल्या सर्वच घरांस आमची विनंती आहे : दुखणे लपवू नये तसे देण्याचे पत्रही लपवू नये. लखोटा आला त्याच दिवशी फोडावा, आणि लेकराने तो आपल्यापुढे ठेवला तर पहिला शब्द रागाचा नसावा.