मावळतीचीं बारा चित्रें

कोणत्याहि सुशिक्षित घरांतील मोबाइलमध्यें सांठलेलीं छायाचित्रें चाळून पाहावीं. त्यांत सूर्यास्ताचीं दहा-पांच तरी निघतातच. तीं महाबळेश्वरचीं, गणपतिपुळ्याचीं, कीं घराच्या गच्चीवरून घेतलेलीं, हें वर्षभरानें घेणारालाहि सांगतां येत नाहीं. तांबूस आकाश, काळी डोंगररांग आणि मध्यें एक पांढरा ठिपका. सर्वांची ठेवण एकच. सूर्यास्त हा सृष्टींतील अत्यंत लोभस देखावा खरा, पण छायाचित्रांत तोच सर्वांत लवकर निर्जीव होतो. असें कां व्हावें आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल पुण्याजवळचा खडकवासल्याचा तलाव घेऊं. ज्यांच्या गांवाजवळ दुसरा एखादा जलाशय असेल त्यांनीं त्याचें नांव येथें घालून पुढील मजकूर वाचण्यास हरकत नाहीं.

प्रथम त्या पांढऱ्या ठिपक्याचें कारण पाहूं. क्षितिजाजवळचा सूर्य डोळ्यांना परातीएवढा भासतो. वस्तुतः त्याचें बिंब माथ्यावर असतें तेवढेंच, म्हणजे आकाशाच्या सुमारें अर्ध्या अंशाएवढें, असतें. मोठेपणाचा भास आपल्या मनाचा आहे, आणि कॅमेऱ्याला मन नाहीं. भिंगाचें नाभीय अंतर जेवढें असेल, त्याच्या सुमारें एकशेंआठाव्या हिश्शाएवढेंच बिंब आंतील पडद्यावर उमटतें. ५० मिलिमीटर अंतराच्या भिंगानें तें अर्ध्या मिलिमीटराहूनहि लहान येतें. मोबाइलचें भिंग तर याहून पुष्कळच आखूड. म्हणून केवळ सूर्याचें चित्र घ्यावयास जो जातो, त्याच्या हातीं ठिपकाच लागावयाचा. लांब नळीच्या भिंगानें बिंब मोठें येतें हें खरें; पण तसल्या भिंगांतून सूर्याकडे डोळा लावल्यास दृष्टि कायमची अधू होण्याचा धोका असतो. घरांतील मुलांना ही सूचना आधींच स्पष्ट देऊन ठेवावी.

आतां रंगाविषयीं. सूर्य माथ्यावर असतां त्याच्या प्रकाशाला हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो, त्याच्या सुमारें ३८ पट थर तो क्षितिजावर आला म्हणजे ओलांडावा लागतो. त्या लांबच्या वाटेंत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोंचतो. या विखुरण्याचें गणित, पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं मांडलें. छायाचित्रणाच्या आरंभींच्या कांचांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. सर्व रंगांना दाद देणाऱ्या कांचा बाजारांत आल्या त्या १९०६ सालीं. आजच्या मोबाइलला सर्व रंग दिसतात. इतकेंच नव्हे, तर तो ते आपल्या मर्जीनें गडदहि करतो. तेव्हां चित्रांतील लाली किती आकाशाची आणि किती यंत्राची, हें मागाहून ठरवितां येत नाहीं. सारांश, बिंबाचा आकार आणि आकाशाचा रंग, ज्या दोन गोष्टींसाठीं आपण धांवतों, त्या दोन्हींविषयीं चित्राची साक्ष कच्चीच असते. चित्राची साक्ष पक्की असते ती दोन निराळ्या गोष्टींविषयीं: जागा आणि दिवस. नेमक्या याच दोन गोष्टी आपण नोंदून ठेवीत नाहीं.

खडकवासल्याची जागा साक्ष ठेवण्याजोगी कां आहे, तें सांगतों. मुठा नदीवरील हें दगडी धरण पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें २० किलोमीटरांवर असून तें १८७९ सालीं पुरें झालें. कर्नल फाइफ या इंजिनियराच्या नांवावरून तलावास फाइफ सरोवर असें नांव देण्यांत आलें होतें; लोकांच्या तोंडीं मात्र गांवाचेंच नांव राहिलें. विश्वेश्वरय्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालीं प्रथम येथें बसविण्यांत आले. १२ जुलै १९६१ रोजीं वरचें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याची भिंतहि टिकली नाहीं, आणि पुण्यांत हाहाकार उडाला. पुढें धरण दुरुस्त करून पुनः उभें करण्यांत आलें. जुन्या पुणेकरांच्या घरीं त्या दिवसाची हकीगत अद्याप सांगितली जाते.

धरणाच्या पुढें सिंहगडाकडे व पानशेतकडे जाणारी सडक तलावाच्या कांठानें जाते. तेथें पश्चिमेकडे तोंड करून उभें राहिलें असतां समोर पाणी पसरलेलें असतें, डावीकडे सिंहगड, आणि उजवीकडे, तलावाच्या उत्तरेस, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारांतील झाडी. या प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं बसविली गेली. तिच्या आवारांत परवानगीवांचून जातां येत नाहीं. त्यामुळें तो कांठ अद्याप पुष्कळसा मोकळा व हिरवा राहिला आहे. अलीकडील कांठावर मात्र भाजलेल्या कणसांच्या गाड्या, मोटारी आणि नवीं बांधकामें यांची दाटी वाढत चालली आहे. एकाच पाण्याचे हे दोन कांठ एका चौकटींत मावतात, आणि त्यांमधून सूर्य उतरतो.

आतां उपाय. सूर्याच्या मागें न धांवतां एक जागा कायमची ठरवावी. मैलाचा दगड, पारावरचें झाड, पुलाचा कठडा, असें कांहीं तरी न हालणारें चिन्ह पाहून त्याच्याशेजारीं उभें राहावें. कॅमेरा छातीच्या उंचीवर आडवा धरावा, बरोबर पश्चिमेकडे रोखावा, आणि चित्र जवळ ओढण्याची सोय मुळींच वापरूं नये. दर महिन्याच्या २१ तारखेच्या आसपास, तेथूनच, तसेंच, एक चित्र घ्यावें. वर्षाचीं बारा चित्रें. काम एवढेंच आहे.

या बारा चित्रांत काय दिसेल? २१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या सुमारास सूर्य बरोबर पश्चिमेस मावळतो. २१ जूनला पुण्याच्या अक्षांशावर तो पश्चिमबिंदूपासून सुमारें २५ अंश उत्तरेस, आणि २२ डिसेंबरला तितकाच दक्षिणेस मावळतो. म्हणजे अस्ताची जागा वर्षांत जवळजवळ ५० अंशांच्या टप्प्यांत येरझारा घालते. बहुतेक मोबाइलच्या साध्या भिंगाच्या आडव्या चौकटींत हा सर्व टप्पा मावतो. डिसेंबरचा सूर्य पानशेतच्या बाजूच्या डोंगरांत उतरतो. पुढें तो उजवीकडे, प्रबोधिनीच्या बाजूस, सरकूं लागतो. ही गति सारखी नसते. विषुवदिनाच्या सुमारास तो दररोज जवळजवळ आपल्या बिंबाएवढा सरकतो. अयनदिनाच्या आगेंमागें आठवडाभर मात्र जागचा हालत नाहींसें वाटतें.

या बारा चित्रांत १४ जानेवारीचें एक जास्तीचें घालावें. संक्रांतीला उत्तरायण लागतें असें आपण तिळगूळ वांटतांना म्हणतों. पण डिसेंबरचें चित्र शेजारीं ठेवून पाहिलें कीं संक्रांतीपर्यंत सूर्य चार बिंबांहून अधिक उत्तरेकडे आलेला दिसतो. अयनचलनामुळें संक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायण यांच्यामध्यें तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडलें आहे. पंचांग जाणणारे आजोबा हें सांगूं शकतात. परंतु बारा वर्षांच्या नातवानें स्वतः घेतलेल्या दोन चित्रांत तें ओळखावें, यांतील गोडी निराळी आहे. त्यानें सण उणा होत नाहीं, मुलगा मात्र शहाणा होतो.

चित्र घेण्याच्या रीतीविषयीं दोन शब्द. पंचांगांतील अस्ताची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. येथें समोर डोंगर असल्यामुळें सूर्य कांहीं मिनिटें आधींच दिसेनासा होतो, म्हणून अर्धा तास आधीं पोहोंचावें. बिंब टेकल्यापासून पुरतें बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटेंच लागतात. प्रकाशाचें माप सूर्यावरून घेतल्यास सारें चित्र काळवंडतें, पायाखालच्या मातीवरून घेतल्यास आकाश पांढरें फटक होतें. सूर्याच्या बाजूच्या आकाशावरून घ्यावें. मोबाइलच्या पडद्यावर त्या जागीं बोट टेकवून उजेड किंचित् उतरविला कीं काम होतें. सूर्य बुडाल्याबरोबर मंडळी मोटारींकडे वळतात. खरें पाहतां संधिप्रकाश त्यानंतर बावीस-चोवीस मिनिटें टिकतो, आणि तेवढ्या वेळांत पाण्यावर जे रंग येतात ते सूर्य असतांना येत नाहींत. इंग्लंडांत हा संधिप्रकाश पुष्कळ लांबतो. आपल्याकडे तो थोडा, म्हणून तो दवडूं नये. जून ते सप्टेंबर सूर्य बहुधा ढगाआड असेल. तरी ठरल्या दिवशीं चित्र घ्यावें. भरलेला तलाव आणि खालीं उतरलेले ढग ही त्या महिन्यांची खरी मावळत आहे. हिंवाळ्यांत महाराष्ट्राच्या जलाशयांवर उत्तरेकडून चक्रवाक येतात. संस्कृत कवींनीं ज्यांचा विरह गायिला ते हेच, हें मुलांना कळलें म्हणजे संध्याकाळच्या पाण्याकडे तीं थोडीं अधिक वेळ पाहतील.

येथवरचें सारें छंदापुरतें झालें. याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. खडकवासल्यांत सुमारें २ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि वरच्या पानशेत, वरसगांव व टेमघर या धरणांचें पाणीहि पुण्याकडे येतें तें याच तलावांतून. आपण ज्याच्या कांठीं करमणुकीस जातों तेंच पाणी दुसऱ्या सकाळीं आपल्या नळाला येतें. त्याचा कांठ कोठपर्यंत मोकळा आहे, त्यावर झाडें किती उरलीं, कोठून कोणता नाला येऊन मिळतो, हे प्रश्न रसिकतेचे नसून प्रत्येक स्वयंपाकघराचे आहेत. असा प्रश्न निघाला म्हणजे एक म्हणतो, पूर्वीं येथें सारें माळरान होतें. दुसरा म्हणतो, छे, हें पहिल्यापासून असेंच आहे. दोघेहि आठवणीवर बोलतात, आणि आठवण ज्याच्या त्याच्या सोयीची असते. तारखेचें एक चित्र तेथें शंभर वादांचें काम करतें.

पण त्यासाठीं चित्र प्रामाणिक पाहिजे. कांठावरची प्लास्टिकची घाण टाळण्यासाठीं आपण दोन पावलें डावीकडे सरकतों, नवी इमारत येऊं नये म्हणून चौकट थोडी वर उचलतों, आणि चित्र सुंदर होतें. शोभेच्या चित्रांत हें क्षम्य आहे; तसें एक खुशाल घ्यावें व भिंतीवर लावावें. ठरलेल्या जागेच्या चित्रांत मात्र समोर जें असेल तें सर्व येऊं द्यावें. त्यांतून कांहीं गाळलें कीं ती नोंद राहत नाहीं. उलट, एकाच चित्रावरून घाईनें अनुमानहि काढूं नये. वरच्या धरणांतून पाणी सोडलें तर येथील पातळी ऐन वैशाखांतहि वर येते. म्हणून त्या दिवशीं वर्तमानपत्रांत आलेला धरणांतील पाण्याचा सांठा चित्राखालीं लिहावा.

एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. या तलावांत बुडून तरुण मुलें गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. कांठ सपाट दिसला तरी चिखलाखालीं तो एकदम खोल जातो. चित्रासाठीं पाण्यांत उतरूं नये, पाण्याकडे पाठ करून मागें सरकूं नये, आणि प्रवेशबंदीच्या पाट्या पाळाव्या. कोरड्या जमिनीवरून जें चित्र येत नाहीं त्यावांचून कोणाचें अडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत हें काम सहज वांटून घेतां येतें. अस्ताची वेळ व तिथि आजोबांनीं सांगावी, चित्र मुलांनीं घ्यावें, तें छापून वहींत चिकटविण्याचें काम एखाद्या वहिनीनें किंवा आत्यानें पत्करावें, आणि खालीं जागा, तारीख, वेळ, पाण्याचा सांठा व घेणाराचें नांव इतकें शाईनें लिहावें. मोबाइल दोन-तीन वर्षांनीं बदलतो, आणि त्याबरोबर त्यांतील हजारों चित्रें कोठें जातात हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. वही कपाटांत राहते. ज्यांच्या घरीं १९६१ पूर्वींचें या तलावाचें एखादें चित्र असेल, त्यांनीं तें आज काढून पाहावें, मागें तारीख नसल्यास वडील माणसांस विचारून लिहावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर लावावें. पुढील पान येत्या २१ तारखेसाठीं कोरें ठेवावें.