शिक्का कोण मारतो?

रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, सत्ता त्याच्याच हाती असते. रेशन दुकानापुढची रांग डोळ्यांना दिसते, म्हणून मध्ये घुसणाऱ्याला जाब विचारता येतो. परंतु आज आपल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि संस्थांच्या कार्यालयांत अशी एक रांग लागते, जी कोणालाच दिसत नाही. ती राउटर नावाच्या लहानशा पेटीत लागते. म्हणूनच हा विषय तंत्रज्ञांवर सोडून आम्हाला गप्प बसता येत नाही.

इंटरनेटवरून मजकूर, आवाज, चित्र हे सारे लहान लहान तुकड्यांत जाते. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या माथ्यावर दर्जाचा शिक्का मारण्याची सोय १९८१ च्या नियमावलीतच होती. १९९८ मध्ये तिची फेरमांडणी होऊन सहा बिटांचा, म्हणजे ६४ आकड्यांपैकी एकाचा शिक्का ठरला. साध्या पॅकेटवर शून्य असते; फोनवरच्या आवाजाला सहसा ४६ देतात. हा आकडा पाहून पॅकेट कोणत्या रांगेत घालायचे ते राउटर ठरवितो.

यात अन्याय आहे काय? मुळीच नाही. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणे सुरळीत चालते. फार उशीर झाला की ते अडखळते. मोठी फाइल मात्र अर्धा मिनिट उशिरा आली तरी कोणाचे काही बिघडत नाही. ज्याला थोडेच हवे, पण वेळेवर हवे, त्याला आधी वाट देणे हा न्यायच आहे. अन्याय सुरू होतो तो कामाऐवजी माणूस पाहून शिक्का मारला की. साहेबांच्या टेबलावरचा संगणक प्रत्येक कामासाठी पहिल्या रांगेत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी शेवटच्या रांगेत, अशी व्यवस्था राउटरमध्ये चार ओळींत करता येते. त्या मुलीला वाटते, नेटच खराब आहे! आपल्याला मागे ठेवले गेले आहे, हे तिला कळतसुद्धा नाही.

हाच प्रश्न देशपातळीवरही लढला गेला. काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे मोजून, असा दुजाभाव दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद केला. त्याआधी देशभरातील लाखो सामान्य नागरिकांनी प्राधिकरणाकडे आपले म्हणणे कळविले होते. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट समानतेचे तत्त्व स्वीकारले; वाहतुकीचे वाजवी नियोजन चालेल, पण मजकूर पाहून केलेला भेदभाव चालणार नाही. अमेरिकेत मात्र २०१५ चे असेच नियम २०१७ मध्ये रद्द ठरविण्यात आले, २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तेही मोडीत काढले. मिळालेला हक्क राखला नाही तर तो जातो, हाच याचा धडा आहे.

मग आपल्या संस्थांनी काय करावे? पहिली गोष्ट, शिक्क्याचे नियम कामावरून ठरवावेत: ऑनलाइन तास आणि आवाज आधी, अर्ज व वाचन त्यानंतर, मोठे डाउनलोड शेवटी. दुसरी गोष्ट, बाहेरून आलेला शिक्का डोळे झाकून मानू नये. प्रत्येक यंत्र स्वतःवर ४६ मारू लागले, तर अग्रक्रमाला अर्थच उरत नाही. तिसरी गोष्ट, पहिल्या रांगेलाही मर्यादा घालावी, नाहीतर मागच्यांची उपासमार होते. चौथी गोष्ट, राउटरची वेगमर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवावी. तरच रांग आपल्या पेटीत लागते आणि आपले नियम चालतात. आपल्या दाराबाहेर आपला शिक्का कंपनी बहुधा पाळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे नियम साध्या मराठीत लिहून भिंतीवर लावावेत. जो नियम चारचौघांत वाचून दाखविता येत नाही, तो राउटरमध्येही असता कामा नये. आपल्या मुलामुलींनी केवळ नेट वापरून थांबू नये. त्यांनी ही पेटी उघडून तिचे नियम वाचायला आणि लिहायला शिकावे. शिक्का कोण मारतो, हे विचारण्याचे धाडस त्यातूनच येईल!