नाताळच्या केकातील करवंद

डिसेंबर उजाडला की वसई परिसरातील बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत जे केक मांडले जातात, त्यांच्या माथ्यावर विराजमान झालेली तांबडीभडक चेरी ही पुष्कळदा चेरी नसतेच. ते असते आपले करवंद, कच्चेपणीच तोडलेले, बी काढून खारवलेले, स्वतःचा रंग गमावलेले आणि साखरेच्या पाकात शिजवून परक्या रंगात बुडवलेले. शेजारची हिरवी-पिवळी टुटीफ्रुटीही कच्च्या पपईचीच. म्हणजे देशी फळ केकास वर्ज्य आहे असे नव्हे. त्याने वेषांतर करून यावे, एवढीच आपली अट दिसते. ही अट रद्द करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वालीवसारख्या गावी तर ही गोष्ट विशेषच खटकते. गावाच्या पूर्वेस महामार्ग, त्याच्या पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर, आणि वैशाखात त्या डोंगरउतारांवरील काटेरी जाळ्या काळ्याभोर करवंदांनी लगडतात. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी स्त्रिया पहाटे ती वेचून पानांच्या द्रोणांतून रस्त्याकडेला विकतात, आणि दुपारनंतर फळ नरम पडू लागले की पडेल त्या भावाने टोपली रिकामी करतात. ह्याच पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सरकारदप्तरी त्याची रीतसर नोंद झाली. आणि तरीही सणाच्या केकात भरावयास आम्ही आणतो तो दूरदेशीच्या ब्लूबेरीचा डबा!

परंपरेची सबब येथे चालणार नाही. १५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. राज्ये पालटली, नाताळ राहिला. आणि त्या सणाच्या फराळात नेवऱ्यांच्या जोडीने येणारा बाथ केक कशाचा, तर रव्याचा आणि नारळाचा. वसईच्या गृहिणींनी युरोपीय पाकविधीस किनाऱ्यावरील जिन्नस बिनदिक्कत चारले, ते चारशे वर्षांत कोणास गैर वाटले नाही; मग करवंदानेच काय अपराध केला?

फळ वैशाखात आणि सण पौषाच्या सुमारास, हा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. पण राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करणाऱ्या प्रांतास टिकवणीची विद्या कोणी शिकवावी? पिकली करवंदे थोड्या पाण्यात शिजवून पुरणाच्या चाळणीतून घासून काढावीत; बिया वर राहतात, खाली गडद जांभळट गर उतरतो. त्यात वजनाइतकी साखर घालून तो पळीवरून जाडसर ओघळेपर्यंत आटवावा. करवंदात आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही मुबलक असल्यामुळे मुरंबा सहज आळतो, आणि निर्जंतुक, कोरड्या बरणीत तो नाताळपर्यंत टिकतो. केक भाजून, पुरता निवल्यावर आडवा कापून हा गर मधल्या थरात पसरावा. पिठातच कालवण्याचा मोह आवरलेला बरा, कारण खाण्याचा सोडा जरा अधिक पडला की तो राजस जांभळा रंग निळसर-करडा होतो आणि केकाचा काप शिळ्या राखेसारखा दिसू लागतो. शिवाय ओला गर तळाशी बसून केक गिच्च होतो, ते वेगळेच.

खटाटोप आहे, हे मान्य. चाळणीवर तासभर हात राबतो तेव्हा कोठे वाटीभर गर निघतो, आणि डबा उघडण्यास अर्धे मिनिट पुरते. म्हणूनच हे काम हौशी गृहिणींच्या माथी न मारता परिसरातील बेकरीवाल्यांनी आणि महिला बचत गटांनी अंगावर घ्यावे. वालीवच्या औद्योगिक गाळ्यांत नाना वस्तू तयार होतात, तेथे करवंदाच्या चार कढया शिजण्यास हरकत कसली? मात्र व्यवहार दलालाच्या मर्जीवर सोडू नये. वेचणाऱ्या बाईशी हंगामापूर्वीच भाव ठरवावा, माल रोकडीने आणि सकाळच्या दरानेच उचलावा. फळ दुपारी नरम पडले म्हणून मुरंब्याचे काही बिघडत नाही, तेव्हा तिच्या पैशांत कपात करण्यासही कारण उरत नाही.