उणे तीन अंश कोणासाठी?

पावसाळ्याच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी आपली मोटार दाखवायला उल्हासनगरला घरी आला. मोटार जुनी आणि लहानशी, पण तिला स्पोर्ट्‌स कारचे रूप देण्याचा त्याने चंग बांधला होता. स्प्रिंगा कापून ती खाली बसवलेली, टायर रुंद आणि पुढची दोन्ही चाके वरच्या बाजूने आत कललेली. "सर, कॅम्बर उणे तीन अंश आहे. आमच्या कॉलेजच्या रेसच्या गाडीलाही तेवढाच आहे," तो अभिमानाने म्हणाला.

मी स्टिअरिंग वळवायला सांगून टायरची आतली कड पाहिली. तिथले रबर संपून तारा दिसू लागल्या होत्या. बाहेरच्या कडेची नक्षी मात्र नव्यासारखी! याच गाडीतून तो रोज धाकट्या बहिणीला बदलापूरहून उल्हासनगरला क्लासला आणतो.

आता हा कॅम्बर म्हणजे काय ते पाहू. मोटारीचे चाक समोरून पाहिले असता ते उभ्या रेषेशी जो कोन करते तो कॅम्बर. वरची बाजू आत झुकली तर तो उणे. गवंड्याचा ओळंबा घेऊन तुम्हीही तो मोजू शकाल. जमीन मात्र सपाट हवी. चाकाची उंची ५६० मिलिमीटर असेल, तर एका अंशाच्या कलाने वरचे टोक सुमारे १० मिलिमीटर आत येते आणि तीन अंशांनी २९ मिलिमीटर.

रेसच्या गाडीला हा कल कशासाठी देतात? कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. मुले स्वतः बांधलेल्या गाड्या तिथे पळवतात. अशा स्पर्धांत इंग्रजी आठाच्या आकाराच्या मार्गावरून गाडी फिरवण्याची एक कसोटी असते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर. म्हणजे गाडीच्या मध्याची त्रिज्या झाली सुमारे ९.१ मीटर. एक फेरी साडेपाच सेकंदांत झाली असे धरा. वेग येतो सेकंदाला १०.४ मीटर, म्हणजे ताशी अवघा ३७ किलोमीटर! पण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून पाहा. केंद्रगामी त्वरण सुमारे ११.९ येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १.२ पट. एवढ्या जोराने वळताना गाडीचा सांगाडा बाहेर झुकतो, टायर दबतो आणि बाहेरच्या बाजूचे चाकही बाहेर कलते. ते आधीच आत कललेले असेल तर नेमक्या त्या क्षणी सरळ उभे राहते आणि टायरचा पूर्ण पट्टा जमिनीला टेकतो. उणे तीन अंशांचे सारे कौतुक या एका क्षणासाठी आहे.

आता कल्याण–बदलापूर रस्त्यावर या. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी २५ किलोमीटरने घेतले तर त्वरण येते जेमतेम १.६, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सहाव्या हिश्शाएवढे. बाकी सारा वेळ गाडी सरळ चालते, नाहीतर वाहनांच्या रांगेत उभी असते. सांगाडा झुकतच नाही, चाक कललेलेच राहते आणि बराचसा भार आतल्या कडेवर पडतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा पट्ट्याचा मोठा भाग कामालाच येत नाही.

माझी तक्रार एवढ्यावर थांबत नाही. कॅम्बर डोळ्यांना दिसतो म्हणून मुले त्याच्याबद्दल बोलतात, पण टायर खाणारा खरा चोर बहुधा 'टो' असतो. वरून पाहिले असता पुढची चाके एकमेकांना समांतर आहेत, की बैलांनी शिंगे एकमेकांकडे वळवावीत तशी आत वळली आहेत, हे टो सांगतो. चाकांमधले अंतर पुढच्या बाजूने मागच्यापेक्षा ४ मिलिमीटरने कमी असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५६० मिलिमीटरमागे २ मिलिमीटर येतात. म्हणजे दर २८० मीटरला चाक १ मीटर आडवे ओढले जाते. मुंबईपर्यंतच्या ६० किलोमीटरांत हे २१४ मीटर झाले. रबर लवचीक असल्याने ते तेवढे अक्षरशः घसरत नाही, पण घासले जातेच. आणि गाडी खाली बसवली की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात व टोही आपोआप बदलतो. याच्या गाडीचा टो कोणी मोजलाच नव्हता!

"अलाइनमेंटच्या दुकानात गेलो होतो, सर. पडद्यावर सगळे आकडे लाल. ते म्हणाले, हिरवे करून देतो. मीच नको म्हटले." त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. तो हिरवा रंग कारखान्यातून जशी बाहेर पडली तशा गाडीसाठी असतो. स्प्रिंग आणि टायर बदलल्यावर तो आकडा योग्यच असेल असे नाही. यंत्र कोन मोजते, निवडत नाही. पण म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा उसना घ्यायचा, हे कुठले शास्त्र? रेसवाले तरी तसे कुठे करतात! फेरी संपताच ते टायरचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजतात आणि त्यावरून कोन पाव-अर्ध्या अंशाने हलवतात. याने त्यांचा आकडा उचलला आणि मोजण्याची सवय मात्र तिथेच ठेवली.

कापलेल्या स्प्रिंगांबद्दल मी वाद घातला नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल त्याच्यापुढे ठेवला. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चार दिवस तो रुसला, मग त्याने मूळच्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या. रुंद टायर उत्पादकाने मान्य केलेल्या मापात बसत होते. ते ठेवले, फक्त पुढची जोडी नवी घेतली.

मग आकडे ठरवायला आम्ही वही घेऊन बसलो. वळणावर थोडी पकड हवी म्हणून कॅम्बर उणे अर्धा अंश, दोन्हीकडे सारखा. टो जवळजवळ शून्य. हा अंदाजच आहे. दर हजार किलोमीटरला नक्षीची खोली तीन जागी मोजायची आणि आतली कड जास्त झिजली तर कॅम्बर कमी करायचा, असे ठरले. खड्ड्यांतून आपटलेल्या चाकाचे कोन बदलतात, म्हणून पावसाळा संपल्यावर सगळे पुन्हा तपासायचे.

पहिले माप घ्यायला तो गणपतीच्या सुट्टीत येणार आहे. शेजारच्या गवंड्याकडून मी ओळंबा मागून ठेवला आहे.