रिठ्याला विसरू नका



गेल्या अंकातल्या पत्रलेखिकेने साबणाचा कीस, धुण्याचा सोडा आणि व्हिनेगर कालवून ‘रसायनविरहित’ पावडर घरी करायला सांगितली आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. ते रसायन नाही तर काय आहे? त्यात व्हिनेगर ओतल्यावर जी फसफस होते, ती दोघे एकमेकांना निकामी करत असल्याची. व्हिनेगर जास्त पडले तर साबणही फाटतो.

खरी गोम पाण्यात आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा न विरघळणारा साका होतो, तो कपड्यात बसतो आणि पांढरा सदरा करडा दिसू लागतो. आमच्या शनिवार पेठेत खडकवासल्याचे नळाचे पाणी, म्हणून साबण बरा चालतो. बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. घरी पावडर करण्याचे म्हणाल तर करसनभाई पटेलांनीही १९६९ मध्ये अहमदाबादेत घरच्या अंगणात ‘निरमा’ सुरू केला, पण ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि ती पावडर डिटर्जंटची होती!

रिठ्याबद्दल लेखिकेने अवाक्षर काढलेले नाही, याचे नवल वाटले. माझी आजी रेशमी लुगडी रिठ्यातच धूत असे. रेशीम आणि लोकर यांना सोडा बाधतो, रिठा नाही. बिया काढून रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. आणि डोळ्यांना जपा, फार झोंबते.

– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे